अकरावा दगड

दोस्तांनो,

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एकानं पत्रात विचारलं होतं, ‘‘घाटात ट्रेलर अडकतो, तासन्‌तास रांगा लागतात. एवढी माणसं तिथं उभी असतात, मग सगळे मिळून तो ढकलून का देत नाहीत?’’

पत्र वाचलं आणि मला हसूच आलं. प्रश्नाला नाही बरं का, स्वतःला हसलो! कारण काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात मीही अगदी हेच म्हणालो होतो. चांगलं मोठ्यानं, चारचौघांत. त्यावर मला जे उत्तर मिळालं, तेच आज तुम्हाला सांगतो.

कुंभार्ली घाट नकाशात शोधा पाहू. कोकणातलं चिपळूण आणि देशावरचं कऱ्हाड यांना जोडणारा हा रस्ता. पोफळी मागे पडली की चढ सुरू होतो, आणि वर गेलं की आपण कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. आमची एस.टी. चिपळूणहून निघाली होती. पाऊस सरत आला होता, पण घाटात अजून भुरभुर चालू होती. रस्ता ओला, कडेला लाल चिखल. अर्धा घाट चढलो आणि गाडी थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. मग एकेक जण खाली उतरू लागला. मीही उतरलो आणि चालत चालत पुढच्या वळणावर गेलो.

तिथं एक लांबलचक ट्रेलर अडकला होता. वळण डावीकडचं. डोंगराची सोंड डाव्या हाताला, दरी उजव्या हाताला. ट्रेलरची मागची डावी चाकं डोंगराकडच्या गटारात गेली होती. इंजिनाच्या ताकदीनं फिरणारं एक चाक जागच्या जागी गरगर फिरायचं, चिखल उडवायचं आणि थांबायचं. ड्रायव्हर राजस्थानचा, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. पहिल्यांदाच या घाटात आला होता. घाम नुसता निथळत होता त्याच्या तोंडावरून. आणि भोवती जमलेले लोक काय करत होते? त्याला शिव्या देत होते! ‘‘चालवता येत नाही तर कशाला येतात हे?’’ वगैरे वगैरे. मी शिवी नाही दिली, पण शहाणपणा केलाच. म्हणालो, ‘‘अहो, बघत काय बसलात? चला, सगळे मिळून ढकलू या!’’

मागून आवाज आला, ‘‘ढकला की. तीस टन आहे. सहा हत्ती ढकलताय असं समजा.’’

वळून पाहिलं. दुधाच्या टँकरवरचे एक ड्रायव्हर होते. वय पंचावन्नच्या पुढं, कानाला मफलर, हातात पाण्याची बाटली. ते माझ्याकडे न बघता सरळ त्या पोराकडे गेले. बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘पहले पानी पी. इंजन बंद कर. घबराव मत. आपण काढू.’’

बघा हं, मदतीची सुरुवात अशी झाली. ना दोर, ना जॅक. पाणी!

आता थोडं थांबून ट्रेलर अडकतो कसा, ते समजून घेऊ. म्हणजे पुढची गंमत कळेल.

ट्रेलर ही एक गाडी नसते, दोन असतात. पुढं इंजिन आणि केबिन असलेला छोटा भाग. त्याला ड्रायव्हर लोक ‘घोडा’ म्हणतात. मागं माल ठेवायचा लांब पाट. या पाटाच्या खाली एक जाड पोलादी पिन असते, साधारण दोन इंच जाडीची. ती घोड्याच्या पाठीवरच्या खाचेत अडकते. तेवढ्या एका पिनेवर सगळा मामला! घोडा वळतो, तो त्या पिनेभोवती. आणि पाट मागून ओढला जातो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत. ती वळणाच्या आतून जातात, आडवाटेनं. खोटं वाटतं? मग सायकल काढा. अंगणात पाणी सांडा, त्यातून सायकल घाला आणि लगेच वळण घ्या. जमिनीवर दोन ओल्या रेघा दिसतील. मागच्या चाकाची रेघ आतल्या बाजूला असेल. सायकल लहान, म्हणून फरक थोडासाच पडतो. गाडी जितकी लांब, तितका हा फरक मोठा.

किती मोठा? नववी-दहावीवाल्यांनो, पायथागोरस आठवतो का? समजा, ट्रेलरची पिन १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरते आहे आणि पिनेपासून मागच्या चाकांपर्यंतचं अंतर ८ मीटर आहे. वर्तुळाच्या मध्यापासून पिनेपर्यंतची रेघ म्हणजे कर्ण, १२ मीटर. ट्रेलरची लांबी ही एक बाजू, ८ मीटर. मग मागची चाकं किती त्रिज्येवरून फिरतील? १४४ वजा ६४ म्हणजे ८०. त्याचं वर्गमूळ ८.९४. म्हणजे मागची चाकं जवळजवळ ३ मीटर आतून जातील! हे गाडी गोल गोल फिरत राहिली तरचं गणित झालं. घाटातलं वळण अर्ध्यातच संपतं, म्हणून फरक थोडा कमी पडतो. पण तरी केवढा! आपल्याकडे महामार्गावरची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे ट्रेलरला वळायला स्वतःची वाट पुरत नाही, शेजारचीही लागते. म्हणून जाणता ड्रायव्हर डावं वळण घेण्याआधी घोडा चांगला उजवीकडे काढतो आणि मग डावीकडे वळतो. बघणाऱ्याला वाटतं, हा उगाच रस्ता अडवतोय. तो रस्ता अडवत नसतो, मागच्या चाकांना जागा करून देत असतो.

तर आपल्या त्या पोरालाही हे ठाऊक होतं. तो उजवीकडे घेतही होता. तेवढ्यात मागून एक मोटार हॉर्न वाजवत त्याच्या उजव्या अंगाला घुसली. तिला वाचवायला त्यानं घोडा डावीकडे दाबला, आणि मागची चाकं गटारात गेली. मोटार केव्हाच निघून गेली होती. शिव्या मात्र याला!

हे त्यानं टँकरवाल्या काकांना सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे एकदम गप्प झालो.

काकांनी आजूबाजूला पाहिलं. ट्रेलरच्या उजवीकडची अर्धी वाट मोकळी असायला हवी होती. पण वरून उतरणाऱ्या गाड्या तिथं येऊन ठेपल्या होत्या आणि खालून चढणाऱ्या दहा-बारा मोटारी त्यांच्या तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, मी तेवढा निघून जावा! काका म्हणाले, ‘‘आधी मोकळं करायचं, मग ओढायचं. रस्ता मोकळा नसला तर देव आला तरी ट्रेलर निघत नाही.’’

मग कामं वाटली गेली. आमच्या एस.टी.चे कंडक्टर खालच्या वळणावर गेले आणि येणाऱ्या गाड्या लांबच थांबवू लागले. एका टेम्पोचा ड्रायव्हर वरच्या वळणावर गेला. मला आणि कॉलेजच्या दोन पोरांना काम मिळालं ते सगळ्यात नावडतं. रांगेच्या शेवटापासून एकेका गाडीला मागं घ्यायला लावायचं! ‘‘साहेब, जरा मागं घ्या.’’ ‘‘मीच का?’’ ‘‘तुमच्या मागचे गेलेत हो, आता तुम्ही.’’ असं चाळीसेक वेळा म्हणालो असेन. पाऊण तास गेला. घसा बसला. पण उजवी वाट मोकळी झाली.

दोस्तांनो, पत्रातल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. त्या दिवशीची सगळ्यात मोठी मदत पुढं येऊन ढकलण्याची नव्हती, मागं सरकण्याची होती. आणि हो, घाटाचा एक नियमही सांगून ठेवतो. रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. १९८९ च्या रस्ता-नियमांतच हे लिहिलेलं होतं. कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणं फार जिकिरीचं असतं.

आता काढायचं काम. घोड्याचं मागचं चाक नुसतं गरगर का फिरत होतं? गाडीच्या मागच्या दोन बाजूंच्या चाकांना इंजिनाची ताकद डिफरन्शियल नावाच्या दातेरी चाकांच्या पेटीतून मिळते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावता यावं, म्हणून ती सोय. पण एक चाक चिखलात सैल झालं, की तेच फिरत बसतं आणि दुसरं घट्ट जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून काही होत नाही. चाक उलट आणखी खोल जातं. म्हणून काकांनी सगळ्यात आधी इंजिन बंद करायला लावलं होतं.

क्लीनर लोकांनी चाकाखालचा चिखल फावड्यानं काढला. तिथं खडी आणि गोणपाट घातले. गटारात दगड भरून त्यावर दोन जाड फळ्या टाकल्या, म्हणजे मागच्या चाकांना वर यायला उतरंड झाली. मग ट्रेलरच्या चाकांच्या मागं मोठे मोठे दगड लावले. कशाला? ब्रेक सोडल्यापासून क्लच लागेपर्यंत एक क्षण जातो. तेवढ्यात तीस टनांची गाडी मागं आली तर? म्हणून दगड.

काका एकेक दगड बोटानं मोजत होते. मला वाटलं, म्हातारे आहेत, सवय असेल!

खालच्या रांगेत जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक होता. काकांनी तोच बोलावला. मी म्हणालो, ‘‘रिकामा ट्रक घेतला तर जास्त ताकद मिळेल ना?’’ काका हसले. ‘‘रिकाम्याची चाकं घसरतील. वजन असलं की चाक रस्ता धरतं.’’ खरंच की! मोकळ्या झालेल्या उजव्या वाटेनं तो ट्रक पुढं गेला, ट्रेलरच्या समोर उभा राहिला आणि मागच्या हुकाला वायररोप लावली गेली. तिच्या मध्यावर एक ओलं जाड पोतं टाकलं. आणि काका एकदम ओरडले, ‘‘चला, सगळे लांब! दोराच्या जवळ एक माणूस दिसता कामा नये!’’

हे नीट लक्षात ठेवा. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटा येतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. पोतं टाकलं की त्याचा जोर थोडा मोडतो. पण खरा उपाय एकच, लांब उभं राहणं. ‘‘सगळे मिळून ढकलू या’’ म्हणणारा मी, त्या वेळी काकांचं ऐकलं नसतं तर नेमका तिथंच उभा असतो.

मग सुरू झालं ते नाटकच! ट्रेलरचा क्लीनर मागं उभा. गाडीच्या अंगावर हातानं थाप मारून तो ड्रायव्हरला खुणावत होता. ‘‘आने दो, आने दो... होऽऽ... बस्स!’’ चिऱ्यांचा ट्रक झटका न देता हळूहळू ताण घेऊ लागला. त्या पोरानं क्लच सोडला. फळ्या कुरकुरल्या. चाक एक हात चढलं, थांबलं. लगेच दोन क्लीनरांनी बाजूनं, लांब दांड्यानं दगड पुढं सारले. पुन्हा एक हात. पुन्हा दगड. चौथ्या खेपेला मागची चाकं धाडकन रस्त्यावर आली. घोडा उजवीकडे वळला, मोकळ्या वाटेवरून मोठा वळसा घेतला, आणि ट्रेलर सरळ झाला!

काय आरडाओरडा झाला सांगू! टाळ्या, शिट्ट्या. मघाशी शिव्या देणारे आता त्या पोराच्या पाठीवर थाप मारत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळे पळत पळत आपापल्या गाड्यांकडे निघाले. इंजिनं सुरू झाली, हॉर्न वाजू लागले.

एक माणूस मात्र निघाला नाही. टँकरवाले काका रस्त्याच्या मध्ये वाकले होते. दगड उचलत होते. उचलून गटाराच्या पलीकडे, डोंगराच्या पायाशी ठेवत होते. गटारात घातलेले दगडही क्लीनरकडून काढून घेतले, म्हणजे पाणी तुंबायला नको. मी मदतीला गेलो. काका मोजत होते, ‘‘आठ... नऊ... दहा.’’ मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ‘‘चाकांना अकरा लावले होते. एक कुठाय?’’

मागचे लोक हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. मी म्हणालो, ‘‘काका, जाऊ द्या ना. एक तर दगड.’’

ते म्हणाले, ‘‘रात्री मोटरसायकलवाला येईल. त्याला हा दिसणार नाही.’’

दोस्तांनो, माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. कारण माझ्या थोरल्या भावाची हीच गोष्ट! आधीच्या वर्षी तो रात्री स्कूटरवरून येत होता. रस्त्याच्या मधोमध एक दगड पडलेला. कुणाची तरी गाडी बंद पडली असेल, चाकाला दगड लावला असेल, गाडी सुरू झाल्यावर ते निघून गेले असतील. दगड राहिला. भावाची गळपट्टी मोडली, हात दोन ठिकाणी मोडला, आणि तीन महिने तो घरी पडून होता. लावणाऱ्याला कधी कळलंही नसेल. त्याच्या लेखी तर त्या दिवशी एक गाडी सुखरूप निघाली होती!

आणि तरीही ‘एक तर दगड’ असं मीच म्हणालो होतो.

शेवटी तो दगड सापडला तो आमच्याच एस.टी.तल्या सहावी-सातवीतल्या एका मुलाला. चिऱ्यांच्या ट्रकच्या चाकामागं लावलेला, घरंगळत उताराच्या कडेला गेला होता. मुलानं ओरडून सांगितलं, ‘‘आजोबा, हा बघा अकरावा!’’ काकांनी तो त्याच्या हातून घेतला, बाजूला ठेवला, हात झटकले आणि टँकरवर चढले. नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

अडकण्याचं हे प्रकरण फक्त घाटातलं नाही बरं का. २३ मार्च २०२१ रोजी सुवेझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज आडवं होऊन रुतलं. त्यावरचे २५ खलाशी आपल्या भारतातले होते. मागं चारशेच्या वर जहाजांची रांग लागली. आता ते कसं काढलं, ते ऐका. आधी नाकाखालची वाळू आणि चिखल उपसला. मग टगबोटींनी योग्य बाजूनं ओढलं. आणि पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची वाट पाहिली. २९ मार्चला जहाज सुटलं. जागा करा, चिखल काढा, योग्य दिशेनं ओढा, धीर धरा! कुंभार्ली घाटातल्या काकांनी वेगळं काय केलं होतं?

तुम्ही अजून गाडी चालवत नाही. मग तुम्ही काय करायचं? पुष्कळ करता येतं. घरच्या गाडीत असाल आणि पुढं ट्रेलर वळत असेल, तर चालवणाऱ्याला सांगा, ‘‘थांबू या. त्याला जागा लागते.’’ रांगेत उजवीकडून घुसायचं नाही, हेही सांगा. अडकलेल्या गाडीजवळ किंवा दोराजवळ स्वतः जाऊ नका, ते काम मोठ्यांचं आणि जाणत्यांचं. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडकली किंवा अपघात दिसला, तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. कुठंही संकट असेल तर ११२. आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तिन्ही वहीच्या मागच्या पानावर आजच लिहून ठेवा. आणि घरचे म्हणाले, ‘‘नको बाबा, मदत केली तर पोलिसांचं झेंगट लागतं,’’ तर त्यांना सांगा, की २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. स्वतःचं नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही.

आता या आठवड्याचा उद्योग. पहिला, सायकलच्या ओल्या रेघांचा. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजा, आधी मोठ्या वळणावर, मग लहान वळणावर. कुठं जास्त भरतं, ते मला पत्रानं कळवा. दुसरा उद्योग सोपा आहे. गाडी पंक्चर झाली, बैलगाडी थांबली, उसाची ट्रॉली उभी राहिली, की चाकाला दगड लागतोच. तो कोण लावतं, ते सगळे बघतात. निघताना तो कोण उचलतं, तेवढं तुम्ही बघा. कुणीच उचलत नसेल, तर मागून गाडी येत नाही ना, हे आधी पाहा, मोठ्या माणसाला बरोबर घ्या, आणि तो बाजूला ठेवा.

मोजून ठेवा हं. अकरा लावले असतील, तर अकरा उचलायचे!

तुमचाच,
काका